सुनेच्या परतीचा कागद

गेल्या वर्षी माझा जोतिबावरचा विश्वास डळमळला होता. लिहितानाही संकोच वाटतो, कारण कोडोलीच्या आमच्या घरात त्याचं नाव घेतल्याशिवाय दिवस उगवत नाही. पण सून परदेशात अडकली होती, पाच वर्षांची नात रोज दारात जाऊन बसायची, आणि माझी प्रार्थना कुठंच पोचत नाही असं वाटायचं.

माझी सून डोल्मा तिबेटी निर्वासित कुटुंबातली. जन्म कर्नाटकात, मुंडगोडच्या वसाहतीत. थंडीत तिची माणसं कोल्हापुरात स्वेटर विकायला यायची. तिथंच शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला असलेल्या माझ्या मुलाशी तिची ओळख झाली आणि पुढं लग्न झालं. मी तोंडानं हो म्हटलं, मनानं नाही.

तिची आई स्वित्झर्लंडला धाकट्या लेकीकडे असायची. ती शेवटच्या आजारात आहे असं कळल्यावर डोल्मा गेली. तिच्याकडे पासपोर्ट नाही. निर्वासितांचं पिवळं ओळखपुस्तक आणि भारतात परत येण्याची ठरावीक मुदतीची परवानगी, एवढंच. आई महिनोन्‌महिने अंथरुणावर राहिली. तिला तशी टाकून यायला डोल्माचं मन होईना. आई गेली तोवर मुदत उलटून गेली होती. तिथल्या भारतीय वकिलातीत विचारलं, भारतात तुम्ही नेमक्या राहता कुठं? कागदावर पत्ता मुंडगोडचाच होता, आणि तिथं आता तिचं कुणी उरलं नव्हतं.

"आई, जन्म तिथला, लेकरू तिथं," ती फोनवर मला म्हणाली, "माझं घर कुठं हाय, हे मी कुणाला पटवू?"

एका रविवारी जोतिबाच्या डोंगरावर गेले. दर्शन घेऊन पायऱ्यांवर बसले आणि रडू आवरेना. शेजारी निपाणीकडचं एक वयस्कर जोडपं नारळ फोडून प्रसाद वाटत होतं. हातावर खोबरं ठेवता ठेवता त्या गृहस्थांनी विचारलं, "अक्का, का रडताय?" मी सगळं सांगून टाकलं. मुंडगोडचं नाव ऐकून ते खालीच बसले.

"परदेशी लोकांच्या नोंदीच्या कचेरीतच रिटायर झालो की मी! मुंडगोडची सगळी नोंद माझ्याच टेबलावर असायची. लग्नानंतर पत्ता हिकडं का बदलला न्हाय? घर कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्या."

"मग ती तुमच्या घरात राहती, असं पत्र तुम्ही द्यायचं व्हतं. तिनं मागितलं न्हाय?"

मागितलं होतं. कितीदा तरी. "आई, पत्त्यासाठी तुमची सही पाहिजे," ती म्हणायची, आणि मी "बघू की" म्हणून टाळायची. सही केली की घर तिचंही होईल, असलं काहीतरी खुळं डोक्यात होतं. हे मी मुलालाही सांगितलं नव्हतं. त्या अनोळखी माणसांसमोर सांगितलं.

त्यांनी मला बोल लावला नाही. त्यांच्या पत्नी तेवढं म्हणाल्या, "देवाच्या दारात आलाय न्हवं, हितंच सोडून जावा ते."

घरी येऊन आधी पत्र लिहिलं. खाली सही केली. त्या आठवड्यात ते गृहस्थ स्वतः माझ्या मुलाबरोबर आपल्या जुन्या कचेरीत गेले आणि डोल्माची जुनी नोंद शोधून दिली. ती नोंद, लग्नाचा दाखला आणि माझं पत्र वकिलातीत पोचलं. काही आठवड्यांनी डोल्माचा फोन आला. "आई, परतीची परवानगी मिळाली," एवढं म्हणून ती रडायला लागली. मी नातीला हाक मारली आणि फोन तिच्या कानाला लावला.

ती आली तेव्हा भाकरतुकडा ओवाळला. नात तिच्या कमरेला मिठी मारून सोडेना. डोल्मा वाकायला लागली तसं मी तिला धरलं. "पाया पडू नगंस. आत ये. घर तुझंच हाय."

गावातले म्हणतात, जोतिबाच त्या रूपात आला. मला ठाऊक नाही. ते गृहस्थ आजही फोनवर गुडघेदुखीची तक्रार करतात. मला इतकंच कळलं, की मी देवाकडे हात पसरत होते, पण माझी एक मूठ घट्ट मिटलेली होती. ती त्यानं फार हळुवार उघडली.

परवा नवी नोंद झाली, कोडोलीच्या पत्त्याची. डोल्मानं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. मी हात जोडले, आणि खूप दिवसांनी काहीच मागितलं नाही.