काऊनमास्तर आणि झिलीचा कांदा

एसटीतला कोणताही कंडक्टर प्रवाशाला एकच प्रश्न विचारतो. आमचा भास्कर इंगळे दोन विचारायचा. आधी "कुठी?" आणि मग, तिकीट यंत्रातून बाहेर येईपर्यंत, "काऊन?", म्हणजे का?

मलकापूरहून मोताळा, बुलढाणा, चिखली करत मेहकरला जाणाऱ्या गाडीवर मी ड्रायव्हर आणि तो कंडक्टर. बारा वर्षं आमची जोडी टिकली. गाडी मी चालवायचो, पण गाडीत काय चाललंय ते त्यालाच ठाऊक. मोताळा येईपर्यंत कुणाच्या पोरीला पाहुणे येणार आहेत, कुणाची म्हैस आटली, कोणते दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, हे सगळं त्यानं गोळा केलेलं असे. माणसं संपली की तो रस्त्याकडे वळायचा. "राजाभाऊ, याले वडाचा फाटा म्हन्तेत, तं इथी वड काऊन नाही?" मला काय ठाऊक! लोकांनी त्याचं नाव काऊनमास्तर पाडलं होतं. खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा. वेळापत्रकाची बोलणी मी खायची आणि हा गडी एखाद्या म्हातारीजवळ "दवाखान्यात एकटीच चालली काऊन, माय?" करत उभा. मी आरशातून डोळे वटारायचो. तो निघायची डबल बेल द्यायचा आणि पुढच्या सीटवर पुन्हा सुरू व्हायचा.

त्याला स्वतःला मात्र एक प्रश्न सोसत नसे. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. एखादी बाई आपलेपणानं विचारायचीच, "मास्तर, तुमाले लेकरं किती?" मग तो यंत्रात डोकं खुपसून मुकाट पुढे सरकायचा. त्या दिवशी पुढच्या दोन-तीन थांब्यांपर्यंत कुणालाही काऊन ऐकू येत नसे. मला आरशातून सगळं दिसायचं, पण मीही कधी विषय काढला नाही.

एकदा चिखलीच्या स्टँडवर चहा पिताना तो एकदम म्हणाला, "राजाभाऊ, आमी अर्ज टाकला. पोरगी दत्तक घेतो." मी म्हटलं, बरं केलंस. तो म्हणाला, "बरं केलं, पण घोटाळा झाला. काल घर पाहाले एक बाई आल्या व्हत्या. पगार इचारला, घर इचारलं, दुखणंबिखणं इचारलं, समदं सांगतलं. मंग म्हने, तुम्हाला मूल का हवं आहे? मले काऊन इचारलं हो त्याईनं! अन् माह्याजवळ जवाबच नाही." बाई चांगल्या असाव्यात. पुढच्या भेटीत सांगा, म्हणाल्या म्हणे. जन्मभर दुसऱ्यांना विचारत फिरलेल्या माणसाची अशी जिरलेली पाहून मला हसू आलं. त्याला येत नव्हतं, म्हणून मीही आवरलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. तीन पावसाळे गेले. एका सकाळी डेपोत तो मोबाइल छातीशी धरून आला. पडद्यावर अडीच वर्षांची काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी, नाव झिली. गाव ओडिशात. आमचा भास्कर नागपूरच्या पुढे कधी गेलेला नव्हता. नवरा-बायको मलकापूरला रेल्वेत बसले, आणि रायपूर मागे पडेपर्यंत त्यानं अख्खा डबा विचारून संपवला असणार. पुढे भाषाच बदलली. "राजाभाऊ, चौदा घंटे म्या कोनालेच काही इचारलं नाही," परत आल्यावर तो म्हणाला. एवढा वेळ त्याचं तोंड बंद राहिलं, यावर मी अजूनही पूर्ण विश्वास ठेवलेला नाही.

संस्थेत सांभाळणारी एक मावशी होती. तिनं झिलीला भास्करच्या बायकोच्या, सुमनच्या कडेवर दिलं आणि पदरात तोंड लपवून रडायला लागली. झिलीनं वाकून मावशीच्या गालाला हात लावला आणि काहीतरी पुटपुटली. ते काय होतं हे भास्करला कळलं नाही. नाव बदलायचं का, असं तिथं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काऊन बदलाव? पोरीजवळ तेवढं एकच सामान हाय."

मलकापुरात आल्यावर झिली बोलेना. रडायचीही नाही. दाराच्या मागे एक कोपरा तिनं धरला होता, तिथं फ्रॉकचं टोक मुठीत घेऊन बसून राहायची. सुमन समोर गेली की भिंतीकडे तोंड. ताटातला नुसता भात खायची, तोही कुणी बघत नसेल तेव्हा. शेजारच्या बाया खेळणी घेऊन आल्या तशा परत गेल्या. भास्कर ड्यूटीवर यायचा तो उतरलेल्या चेहऱ्यानं, आणि गाडीत नुसतं "कुठी?" ऐकू यायचं.

एका सकाळी मात्र तो स्टँडच्या टोकापासून ओरडत आला. "राजाभाऊ, पोरगी बोलली! अन् मराठी बोलली!" झालं असं, की सुमन कांदा चिरत बसली होती. झिली कोपऱ्यातून उठली, दोन पावलं पुढे आली आणि स्पष्ट म्हणाली, "कांदाना." सुमननं आनंदानं तिच्या हातात अख्खा कांदा ठेवला. झिली त्या कांद्याकडे पाहतच राहिली.

ही बातमी त्यानं मेहकरपर्यंत प्रत्येक सीटला सांगितली. आमची माणसंही अशी, की दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये कांदे यायला लागले. कुणी पिशवीत, कुणी धोतराच्या सोग्यात. "घ्या मास्तर, पोरीले. आमच्या मळ्यातले हायेत, गोड हायेत." माझ्या सीटमागे कांद्यांचा ढीग आणि गाडीभर वास. मी कुरकुरलो, पण मोताळ्याच्या एकाकडून चार चांगले मीही मागून घेतले होते, ते आता कबूल करायला हरकत नाही.

पण पुढे काही सरकेना. मधूनच झिली यायची, "कांदाना" म्हणायची, कांदा हातात दिला की तो खाली ठेवून कोपऱ्यात परत जायची. चिरून दिला, भाजून दिला, भाकरीवर दिला. नाहीच. सुमन खचली. रात्रंदिवस तिचे डोळे भरलेले. एक दिवस ती भास्करला म्हणाली, "तिचं मन इथी नाही. माह्या हौशीसाठी तिले कोंडून ठेवू काऊन मी? सोमवारी त्या घर पाहनाऱ्या बाई येनार हायेत. सांगून देतो, परत न्या म्हून." हे मला सांगताना भास्करनं यंत्रात डोकं खुपसलं. सोमवार चार दिवसांवर होता.

शनिवारी मलकापूरला पन्नाशीचा एक मिस्त्री चढला, हातात नळाचे पाने. भास्करनं सवयीनं विचारलं, "कुठी?" बुलढाणा. "काऊन?" तो हिंदीत म्हणाला, नल का काम है. बोलणं वेगळं वाटलं म्हणून भास्करनं गाव विचारलं. ओडिशा. मी आरशात पाहिलं तर आमचे कंडक्टर चालू ड्यूटीत चक्क त्याच्या शेजारी बसलेले! इतक्या वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं.

"तुम्हारे में कांदे को क्या बोलते?"

"पिआज."

"तो फिर कांदा क्या है? हमारी बच्ची बोलती है, कांदाना, कांदाना."

मिस्त्री म्हणाला, "कांद ना. वो तो रोनेवाले को बोलते हैं. मत रो."

राजूर घाटाच्या पायथ्याशी सिंगल बेल वाजली. मी कचकन ब्रेक दाबला. वाटलं, कुणी पडलं. भास्कर माझ्या मागच्या दांड्याला धरून उभा होता.

"राजाभाऊ, ते कांदा मांगतच नव्हती हो. सुमनच्या डोयात पानी पाहून म्हने, रडू नोको. एवढूशी पोरगी आमाले समजावून राह्यली, अन् आमी तिच्या हाती कांदा देऊन राह्यलो! दुनियेले काऊन इचारलं म्या, अन् माही लेक कांदा काऊन म्हन्ते, हे एकडाव नाही इचारलं!"

तो घळाघळा रडत होता. मागून सगळी गाडी ओरडत होती, "मास्तर, गाडी काऊन थांबली?" त्यानं वळून सगळ्यांना सांगितलं. एक बाई डोळ्याला पदर लावून बसली. गाडीला किती उशीर झाला ते मी पाहिलं नाही, आणि नंतर जी बोलणी खाल्ली ती आनंदानं खाल्ली.

त्या संध्याकाळी त्यानं घरी जाऊन सुमनला सांगितलं. सुमन तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि हुंदके द्यायला लागली. झिली कोपऱ्यातून आली. "कांद ना." या वेळी कुणी कांद्याकडे हात नेला नाही. सुमन म्हणाली, "हाव माय, नाही रडत." आणि पदरानं डोळे कोरडे करून दाखवले. झिलीनं ते नीट निरखून पाहिलं, खात्री करून घेतली, आणि तिच्या मांडीत जाऊन बसली.

सोमवारी बाई आल्या. जुना प्रश्न त्यांच्या ध्यानात होता. भास्कर म्हणाला, "म्याडम, तवा जवाब नव्हता. आता हाय. आमाले रडू नोको म्हन्नारं घरात कोनी नव्हतं."

झिली आता नऊ वर्षांची आहे. अस्सल वऱ्हाडी बोलते, बापापेक्षा जास्त "काऊन" विचारते. ओडियातला दुसरा एकही शब्द तिला आठवत नाही. कांदा तिला आवडत नाही.

गेल्या महिन्यात मी सेवानिवृत्त झालो. शेवटच्या फेरीला भास्करनं तिला मुद्दाम सोबत आणलं. ती माझ्यामागच्या सीटवर बसून मेहकर ते मलकापूर मला छळत होती. गियर एवढा लंबा काऊन? आरशात माणसं उलटी काऊन? स्टँडवर गाडी लागली. भास्करनं सिंगल बेल दिली. माणसं उतरली, इंजिन बंद केलं, आणि माझे हात काही स्टिअरिंगवरून निघेनात. आता डबल बेल येणार नव्हती. मागे वळून मला भास्करकडे पाहवेना.

झिली सीटवरून उठून पुढे आली, वाकून माझं तोंड पाहिलं आणि गालाला हात लावला.

"कांद ना, मोठेबाबा."