टायपिस्टचा लाडका शब्द

तुम्हाला कुणी थोबाडीत मारली, तर पोलिसांना "मला म्हणे मारलं" असं सांगाल का? सोलापूरच्या कोर्टाबाहेर इंग्रजीत अर्ज टाइप करून देणारा एक टायपिस्ट मात्र प्रत्येक तक्रारीत 'अलेजेडली', म्हणजे 'म्हणे', घालतोच. चष्मा कपाळावर, तोंडात मावा आणि बोटं आपोआप त्या शब्दाकडे. परवा विडी वळणाऱ्या एका मावशींना ठेकेदाराने मारलं होतं. त्यांनी मला वाचायला दिलेल्या अर्जातही तो शब्द दिसला, म्हणून मी त्यांना त्याचा अर्थ सांगितला.

मावशी उसळल्या, "म्हणे? गाल सुजलाय की माझा!"

"असू द्या हो मावशी, इंग्रजीत भारदस्त दिसतं," टायपिस्ट म्हणाला.

भारदस्त! मार खाल्लेल्या बाईच्याच तोंडून तिच्या मारावर शंका वदवायची? सही करण्याआधी अर्जातला शब्द न् शब्द विचारून घ्या आणि असला शब्द स्वतःच्या हाताने खोडा.