रिकाम्या सिलिंडरचे बुडबुडे

अंगात आलं म्हणणाऱ्या बाईची मी आधी शुगर तपासते. पंचवीस वर्षं नर्सिंग केलं, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही... नव्हता म्हणा.

२००२ सालची गोष्ट. रत्नागिरीत आमच्या डॉक्टर मॅडमचं छोटं नर्सिंग होम होतं. सोनोग्राफी मशीन आणि वरच्या मजल्यासाठी त्यांनी कर्ज काढलं, आणि नेमकं तेव्हाच गावात लिफ्टवालं मोठं हॉस्पिटल आलं. पेशंट आटले, हप्ते थकले. शेवटी नवीन पेशंट घेणंही बंद केलं. त्या सकाळी मिरजोळ्याहून ऑक्सिजनवाल्याचा टेम्पो आला आणि थकबाकीपोटी भरलेले सिलिंडर उचलून घेऊन गेला. एक रिकामा राहिला, तो उद्या नेतो म्हणाला. रिकाम्यावर खडूने फुली मारायची आमची पद्धत. ती मीच मारली होती, चावी पूर्ण फिरवून नळीवरच्या पाण्याच्या बाटलीत एकही बुडबुडा येत नाही हे बघून.

दुपारी मिरकरवाड्याहून शबानाला तिची सासू रिक्षात घालून घेऊन आली. बाळाचं डोकं दिसत होतं, सिव्हिलला पाठवायला वेळच नव्हता. मुलगी झाली. निळी, गप्प. मॅडम तोंडावर मास्क धरून श्वास द्यायची अँबू बॅग दाबतायत, मी पाठ चोळतेय... काही नाही. सासू दारातून सारखी विचारत होती, पोर रडत का नाय म्हणून.

त्या गडबडीत मी सवयीने सिलिंडर ओढला, नळी जोडली, चावी फिरवली. पाण्याच्या बाटलीत बुडबुडे यायला लागले — भरभरून. मुलगी हळूहळू गुलाबी झाली आणि एकदाची टाहो फोडून रडली. सासूने दारातच अल्लाचे आभार मानले.

मग माझी नजर वर गेली. खडूची फुली. दाबाचा काटा शून्यावर. आणि बुडबुडे चालूच.

मी नुसतं बोट दाखवलं. मॅडमनी चावी बंद करून परत उघडली. एक बुडबुडा नाही. नळी स्वतःच्या गालाला लावून बघितली. काहीच नाही. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"सिस्टर, आपण तिला दिलं तरी काय?"

नर्सिंग होम बँकेने घेतलं. मॅडम पुण्याला लेकाकडे गेल्या. फोनवर हा विषय निघाला की दुसरंच काहीतरी विचारायला लागतात. काटा बिघडला असेल, थोडा गॅस उरला असेल, असं जाणकार सांगतात. असेलही... पण मग लगेच पुढच्या क्षणी एक बुडबुडाही का येऊ नये?

शबानाची मुलगी आता मोठी झालीय, चांगली धडधाकट. बाजारात भेटली की हसून हाक मारते. मी मात्र आधी तिची छाती वरखाली होतेय ना, ते बघते. पहिला श्वास तिला कुठून मिळाला, ते मला आजही सांगता येत नाही.