भोकरदनची तिसरी चक्कर

मी ड्राइव्ह दुरुस्त करते. ड्राइव्ह म्हणजे मोटर हळू पळवायची की जोरात, हे सांभाळणारा डबा. जालन्यातल्या आमच्या दुकानात मी एकटीच बाई, अन् तेव्हा बाहेरगावच्या कामांवर नुकतीच जायला लागले होते.

भोकरदनजवळ बायकांच्या बचत गटाची मिरची दळायची गिरणी होती. तिचा ड्राइव्ह दुपारी गरम होऊन बंद पडायचा. पहिल्यांदा गेले, डब्याला थंड ठेवणारा आतला पंखा साफ केला, गिरणी झकास चालली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "ताई, पुन्हा बंद पडली बघा." मंग जाऊन पंखाच नवा बसवला, दोन तास समोर उभी राहून पाह्यलं. बिलकुल बराबर! माझी पाठ फिरली की पुन्हा बंद. असा संताप आला म्हणता! त्या डब्याची माझ्याशीच काय दुश्मनी होती?

दुकानाचे मालक म्हणाले, "ही शेवटची चक्कर. न्हाई जमलं तर दुसऱ्याला पाठवतो, तू काउंटर सांभाळ." काउंटर! दिवसभर बटणं अन् वायरी विकत बसायचं?

तिसऱ्यांदा निघाले ती त्याच रागात, येते म्हणून कळवायचंसुद्धा राहून गेलं. एसटीतून उतरून तडक गिरणीत शिरले. पाहते तर काय, ड्राइव्हला जुनं लुगडं गच्च गुंडाळलेलं!

"मावशी, हे काय?" गिरणी चालवणाऱ्या मावशींना मी विचारलं.

"मिरचीची धूळ बसती ना बाई त्याच्यावर. नाजूक वस्तू. रोज झाकून ठेवतो."

"मंग मी आल्ते तेव्हा कुठं होतं हे?"

"अगं, तू पाहुणी! पाहुण्यासमोर असलं चिंधूक ठेवायचं का? तू यायच्या आधी सोडून, डबा पुसून ठेवायचो."

मी पोत्यावर बसून हसत सुटले. मावशी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "आमच्यापायी तुला बोलणी बसली का गं?" मी न्हाई म्हणाले. दोघींनी मिळून डबा भिंतीपलीकडच्या खोलीत हलवला, तिथं धूळ जात नव्हती. त्या दुपारी गिरणी एकदाही थांबली न्हाई.

मालकांना फोन लावला. "सापडला. हवा कोंडली होती," एवढंच सांगितलं. लुगड्याचं बोलले न्हाई, दुकानात मावशींची चेष्टा झालेली मला चालली नसती.

"बरं," मालक म्हणाले, "उद्या तीर्थपुरीला एक ड्राइव्ह बंद पडलाय. जाशील ना?"

"जाते," मी म्हणाले. "फकस्त मी येणार म्हणून त्यांना कळवू नका."