बुढीचे उडते केस

आमगावात बावीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या धनलालला कॉम्प्युटरवर फोटोमागचं बॅकग्राउंड काढायला अर्धा दिवस लागायचा. माउसने तो एकेक केस सोडवायचा, आणि त्याचाच त्याला गर्व होता. मग समोर लोकेंद्रने दुकान टाकलं आणि तो तेच काम एका क्लिकवर करू लागला. तेव्हापासून धनलालचा जळफळाट चालला होता.

मनिरामची म्हातारी आई गेली. लग्नाच्या मांडवातल्या फोटोतून तिला वेगळं काढून फ्रेम करायचं काम लोकेंद्रलाच मिळालं. धनलाल तेरवीला गेला तो जेवायला नव्हे, फोटोत खोट काढायला. आणि खोट सापडली. बुढीच्या कपाळावर भुरभुरणारे पांढरे केस कॉम्प्युटरने मांडवासकट खाऊन टाकले होते. धनलालला पंगतीतली बुंदी दुप्पट गोड लागली.

वाढायला आलेल्या मनिरामला त्याने मुद्दाम विचारलं, "मायच्या कपाळावरचे केस काऊन नाही दिसून राहिले?"

मनिराम फोटोकडे बघून हसला. "उडत ना ते. जिंदगीभर पाणी लावून दाबत राहे बिचारी. लोकेंद्रनं बरोबर बसवून देले. बुंदी वाढू अजून?"

धनलालने पत्रावळीवर हात आडवा धरला.