देवीचा कौल आणि टेबलफॅन

माझ्या धाकट्या भावाचं नशीब मी टेबलफॅननं फिरवलं. बावीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही.

त्याला दुबईची नोकरी आली होती. आईनं सगळ्या गल्लीला सांगूनही टाकलं होतं. पण आमच्या बसवनगुडीच्या घरात कौल लावल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. देवीच्या तसबिरीच्या काचेवर मोगऱ्याच्या दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर जा, डावी पडली तर राहा. कळ्या भावानं लावल्या. तो आणि आई डोळे मिटून बसले. मी नाही मिटले. "उकडतंय," असं पुटपुटत (डिसेंबरात, बेंगळुरूत!) मी पंख्याचं तोंड डाव्या कळीकडे वळवलं. कळी पडली. समईही विझली.

"देवीनं फुंकर मारली गं!" आई गदगदून म्हणाली.

उजवी कळी मात्र तीन दिवस हलली नाही. शेवटी आईनं ती उलथन्यानं खरवडली.

भाऊ राहिला. कॉलेजात गणित शिकवू लागला आणि घरी कळ्यांचा भक्त झाला. फ्रिजचा रंग, गुडघ्याचा डॉक्टर, सगळं देवीला विचारून. वरच्या मजल्यावरचं पुण्याचं आयटीतलं जोडपंही कंपनी बदलताना खाली यायला लागलं. "काकू, हाइक किती मागायची तेही सांगते का देवी?" दर कौलाला मी पंख्याची वायर काढून, ती मांडीवर घेऊन बसायचे.

गेल्या महिन्यात भावाच्या मुलीला जर्मनीत शिकायला प्रवेश मिळाला. भाऊ वाटीत कळ्या भिजवू लागला.

"बाबा, दोन वर्षं मी जर्मन घोकलं. आता कळी ठरवणार?"

"देवी ठरवते. माझं ठरवलंच की."

"देवीनं नाही रे," मी म्हणाले. "मी. पंखा लावला होता."

सगळं सांगितलं. तो वाटीत बोट फिरवू लागला.

"अक्का, उजवी कळी मी डिंकानं चिकटवली होती."

"काय?"

"मला जायचंच नव्हतं. आईला कुठल्या तोंडानं सांगणार?"

मला हायसं वाटायला हवं होतं. खरं सांगते, राग आला. इतकी वर्षं सांभाळलेलं पाप, तेही अर्धं याचं निघालं!

"तुझ्या डिंकानं काय झालं? डावी पडली ती माझ्या पंख्यानं."

"स्वल्प वेळानं पडलीच असती."

"नसती पडली!"

"पण तू का पाडलीस?"

एवढंच सांगायचं राहिलं होतं. "तू गेला असतास तर आई माझ्या एकटीच्या गळ्यात पडली असती."

तो तसबिरीकडे बघत म्हणाला, "डिंक लावला तेव्हा वाटलं होतं, देवी रागावणार. पण डावी लगेच पडली. म्हटलं, तिलाही मी इथेच हवा आहे."

त्याची देवीही मीच नेली होती.

भाचीनं वाटीतल्या दोन्ही कळ्या उचलल्या आणि वेणीत खोवल्या. "सरी, ठीक आहे बाबा. मी व्हिसाचं बघते." भाऊ तिला अडवेल असं वाटलं. त्यानं वाटीतलं पाणी तुळशीला घातलं.

"पंखा लाव, अक्का. उकडतंय."

"समई विझेल."

"विझू दे."