बाळसं नव्हतं, सूज होती

डॉक्टरांनी अमेयच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खळगा पडला. तो भरून येईल म्हणून मी बघत राहिले, पण तो तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, हे बाळसं नाही. ही सूज आहे."

आजाराचं नाव नेफ्रॉटिक सिंड्रोम. मूत्रपिंडं म्हणजे शरीराची चाळणी. ती बिघडली की अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीतून वाहून जातं आणि पाणी अंगात साठत जातं. त्या दिवशी पनवेलच्या त्या दवाखान्यात मला यातलं अक्षरही कळलं नाही. बरा होईल ना, एवढंच मी विचारलं. "बहुतेक मुलं होतात. पण आजार परत परत उलटतो. किडन्या औषधाला दाद देतात का, ते या वर्षात कळेल."

अमेय तेव्हा साडेतीन वर्षांचा होता आणि जन्मापासून किरकोळ अंगाचा. त्यामुळे महिनाभरापूर्वी त्याचे गाल भरायला लागले तेव्हा आम्ही हरखून गेलो. माझे पती सुधीर ऑफिसातून आले की आधी त्याचे गाल ओढायचे. खांदा कॉलनीतल्या आमच्या दारी मासळी घेऊन येणारी हिराबाई टोपली उतरवतानाच म्हणाली, "पोरगा कसा भरलाय बाय. नजर लागंल, दृष्ट काढ त्याची." मग मी दर शनिवारी मीठमोहऱ्या ओवाळून त्याची दृष्ट काढायला लागले. चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ खोल उमटायचा, तर मला वाटायचं, पोराच्या अंगाला लागतंय.

म्हणून तुम्हाला सांगते, मूल सकाळी उठतं तेव्हा त्याच्या पापण्या बघा. सुजलेल्या असतील, लघवीला फेस येत असेल, तर लगेच डॉक्टरकडे न्या. कौतुक आणि दृष्ट नंतर.

पनवेलच्या डॉक्टरांनी आम्हाला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे शेजारच्या खाटेवर याच आजाराचा एक मोठा मुलगा होता. त्याची आई भिंतीकडे तोंड करून बसायची. अमेयला प्रेडनिसोलोन सुरू झालं. हे स्टेरॉइड, चाळणीची गळती थांबवणारं औषध. सूज हळूहळू उतरली आणि खाली माझा तोच काडीसारखा मुलगा निघाला. त्याला तसं बघून मी वॉर्डातच रडले.

घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. औषधाचा पूर्ण डोस चालू आहे तोवर मीठ बंद, आणि रोज सकाळची पहिली लघवी तपासायची. काचेच्या नळीत ती घ्यायची, नळी चिमट्यात धरून वरचा भाग गॅसवर तापवायचा, व्हिनेगरचे थेंब टाकायचे. नितळ राहिली तर बरं. दह्यासारखं पांढरं दिसलं तर आजार उलटला. चहाचं आधण बाजूला ठेवून मी आधी ती नळी तापवायची.

मीठ नाही तर कोणालाच नाही, असं सुधीरनी ठरवलं. अमेय आमच्या ताटांकडे बघत बसला असता. बिनमिठाचं वरण, बिनमिठाची भाजी. पहिल्या दिवशी सुधीर "छान झालंय" म्हणाले आणि मला त्यांचा राग आला. सहा वर्षांची मानसी, आमची मोठी, निमूटपणे जेवून उठायची. तिच्या बाई एकदा शाळेच्या फाटकाशी भेटल्या तेव्हा हसत म्हणाल्या, "मानसी डब्याच्या सुट्टीत सगळ्यांकडे लोणचं मागत फिरते." मीही हसले आणि विसरून गेले.

हिराबाईला कळलं तेव्हा ती उंबऱ्यावरच बसली. "मला काय म्हायती बाय, सूज हाय ती." मलाही माहीत नव्हतं, हे मी तिला सांगितलं. तरी ती बराच वेळ उठली नाही.

वर्षात आजार तीनदा उलटला. प्रत्येक वेळी साध्या सर्दीतून. नाकाला पाणी सुटलं की दोन-चार दिवसांत नळीत पांढरं, पुन्हा सूज, पुन्हा औषधाचा पूर्ण डोस. त्या औषधाने त्याचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, भूक वाढली, चिडचिड वाढली. लोक परत म्हणायला लागले, किती गुटगुटीत. त्यांचे गळे धरावेत असं वाटायचं. सर्दी घरात येते ती शाळेतून, म्हणून मानसी नुसती शिंकली तरी मी तिला बाहेरच्या खोलीत झोपवायची. अमेयजवळ जाऊ नकोस, हे मी तिला दिवसातून कितीदा सांगत असेन कोण जाणे.

तिसऱ्या वेळेनंतर डॉक्टर म्हणाले, "औषधाला दाद देतोय, ही चांगली खूण आहे. आता कमी करत आणू. कदाचित बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत अधूनमधून येत राहील. शब्द देऊ शकत नाही." गोळी कमी होत गेली आणि नळी नितळ राहिली. शेवटची गोळी बंद होऊन आठवडा झाला त्या सकाळीही ती नितळ होती. मी देवापुढे हात जोडले.

मागे मानसी उभी होती, शाळेच्या गणवेशात. हातात स्टीलची वाटी, दोन्ही हातांनी सांभाळून धरलेली. "माझीपण बघ ना आई."

मी रागावणार होते. पण तिचा चेहरा बघून वाटी घेतली, नळी धुतली, तापवली, थेंब टाकले. ती टाचा उंच करून बघत होती.

"नितळ आहे राणी. तुला काही झालेलं नाही."

"काहीच नाही?" तिने विचारलं. आणि तिचे डोळे भरून आले.

तुमच्याही घरी एक मूल आजारी असेल. डॉक्टर, औषधं, देव, ज्यांनी ज्यांनी त्याला सांभाळलं त्यांचे आभार मानाल तेव्हा घरातल्या दुसऱ्या मुलालाही जवळ बोलवा. मी गॅस बंद केला आणि मानसीला कडेवर घेतलं. खाली शाळेच्या रिक्षावाल्याने तीनदा हॉर्न दिला. त्या दिवशी मी तिला शाळेत पाठवलं नाही.